अर्थिंगची तार

कुमुदच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी कळलं की तिच्या अॅम्प्लिफायरचा आवाज गेला आहे.

पाहुणे सगळे परतले होते. माझी मुलगी रेवती तेवढी राहिली होती, तिची पुण्याची गाडी दुपारची होती. जेवणं झाल्यावर तिने आईची गिटार गवसणीतून काढली आणि मांडीवर आडवी घेतली. ती हवाइयन गिटार. डाव्या हातात लोखंडी कांडी धरून ती तारांवरून सरकवायची असते. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत मिसेस हॅरिसन म्हणून एका ड्रायव्हरची बायको राहायची, तिने कुमुदला ती शिकवली. ऑस्ट्रेलियाला जाताना गिटार आणि व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर, दोन्ही कुमुदकडे देऊन गेली.

रेवतीने अॅम्प्लिफायरचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. तिने तार छेडली. काही नाही.

"तापायला वेळ लागतो त्याला," मी म्हणालो.

"माहीत आहे अप्पा. तापला की. मागे बघा, व्हॉल्व्ह पेटलेत."

खरंच पेटले होते. मागच्या जाळीतून नारिंगी उजेड भिंतीवर पडला होता. उन्हामुळे खिडक्या लावलेल्या होत्या. तिने गिटारची वायर बदलली, आवाज थोडा वाढवला, परत तार छेडली. पत्र्याच्या डब्यावर नख मारल्यासारखा गिटारचा स्वतःचा बारीक आवाज आला, तेवढाच.

"आईने शेवटचं कधी वाजवलं?"

"आदल्या दिवाळीच्या आधी. नंतर बोटं चालेनात म्हणाली."

"त्यानंतर कोणी लावला होता हा?"

"मी लावतो रोज," मी म्हणालो. "संध्याकाळी."

रेवतीने माझ्याकडे पाहिलं. मला वाजवता येत नाही, हे तिला माहीत होतं. मी रोज दिवेलागणीला ते बटण दाबायचो, लाल दिव्यासमोर थोडा वेळ बसायचो आणि बंद करायचो. बस. 

"पूर्वी हा नुसता लावला तरी घूं असा आवाज यायचा," ती म्हणाली. "आई म्हणायची, जागा झाला बघ. आता तोही नाही. उल्हासदादाला बोलवा."

मी हो म्हणालो. पण तिला स्टेशनवर सोडून आल्यावर मी उल्हासला बोलावलं नाही. आधी अॅम्प्लिफायर नीट पाहिला.

माझी सगळी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेली. पेटी हातात आली की आम्ही आधी पत्ता वाचत नाही, खिळे बघतो. खिळा परत ठोकलेला असेल तर त्याच्या डोक्यावर चमक दिसते. मग पेटी उचलून बघायची. वजनाचा काटा नंतर, हात आधी. अॅम्प्लिफायरच्या मागच्या फळीचे स्क्रू मी चष्मा लावून पाहिले. सगळे गंजलेले, पण खाचा मात्र उजळ. कोणीतरी ते काढून परत लावले होते. मग मी खोकं उचललं. सोसायटीतल्या या घरात आलो तेव्हा हे खोकं मीच टेम्पोतून उतरवलं होतं, आणि कंबर धरली होती. आता ते सहज उचललं गेलं.

आत काहीतरी कमी होतं.

घरात कुमुदच्या आजारपणात येणारी माणसं किती? डॉक्टर, कामवाली आणि उल्हास कोलते. उल्हास तिचा शिष्य, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा, आणि वायरिंगची कामं करायचा. त्या वर्षी मी नोकरीत होतो. संध्याकाळी घरी आलो की ती सांगायची, उल्हास येऊन गेला. कशाला आला होता? अॅम्प्लिफायर बघायला. वाजवत नाहीस तर त्याला बघायचं काय? ती म्हणायची, "अहो, शॉक मारतो तो. अर्थिंग लावून दिलं त्याने." मागे खरंच एक काळी बारीक तार आली होती. ती खिडकीच्या चौकटीतून बाहेर जायची, नळाच्या पाइपाला जोडली असेल असं मी धरून चाललो.

आता मला ती तार वेगळीच दिसायला लागली. घरात येण्यासाठी माणसाला काहीतरी निमित्त लागतं.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या दोन्ही तारा उपसल्या, लाइटची आणि अर्थिंगची, आणि रिक्षात घालून अॅम्प्लिफायर बाजारात झांबरे मिस्त्रींकडे नेला. झांबरेंचं रेडिओचं दुकान. रेडिओ कोणी आणत नव्हतं, मिक्सर आणत होते, त्यामुळे व्हॉल्व्ह बघून ते खूश झाले.

"या फिरके साहेब. बऱ्याच दिवसांनी अंगात ऊब असलेलं काहीतरी आलं दुकानात."

त्यांनी तो लावला. दिवा लागला, व्हॉल्व्ह पेटले. झांबरेंनी कान खोक्याला लावला.

"श्वासच नाही," ते म्हणाले. "व्हॉल्व्ह गेलेला असेल एखादा. पेटतो म्हणजे चालतो असं नसतं. आमच्या साल्यासारखं. रोज कामावर जातो, काम करत नाही."

त्यांनी मागची जाळी सरकवून कपाटातला एक जुना व्हॉल्व्ह घातला. काही नाही. दुसरा घातला. काही नाही. मग त्यांनी खोकं उपडं घातलं आणि मागची फळी काढायला घेतली.

"हे स्क्रू कोणी काढले होते का?"

"तेच मी म्हणतो," मी म्हणालो.

फळी निघाली. झांबरेंनी आत पाहिलं आणि स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"साहेब, यात स्पीकर नाही."

मी वाकून पाहिलं. समोरच्या कापडामागे गोल भोक होतं आणि भोकातून दुकानाच्या दारातला उजेड येत होता.

"इंग्लंडचा होता," झांबरे म्हणाले. "हे खोकंच सांगतंय. असल्या स्पीकरसाठी ऑर्केस्ट्रावाले जीव टाकतात. आणि काढणारा शिकलेला आहे हं. तारा तोडल्या नाहीत त्याने, सोडवल्या. आणि हे बघा, इथे नवीन सॉकेट बसवलंय. सोल्डर बघा, दाण्यासारखं आहे. यात काय लावायचात तुम्ही?"

"अर्थिंग."

"सॉकेटात?" ते हसले. "कोणी सांगितलं तुम्हाला? अर्थिंग पत्र्याला लावतात."

"ज्याने लावलं त्याने सांगितलं."

"मग त्याच्याचकडे जा." त्यांनी फळी परत लावली. "आणि एक ऐका. स्पीकर नसताना हा जोरात वाजवू नका. आतला ट्रान्सफॉर्मर जळेल. आवाजाला बाहेर पडायला जागा पाहिजे."

घरी परतताना रिक्षात मी खोकं मांडीवर घेतलं होतं. डोक्यात एकच हिशेब चालला होता. ती आत झोपलेली, औषधाच्या गुंगीत, आणि हा बाहेरच्या खोलीत बसून स्क्रू सोडवतोय. तिने विचारलं तर म्हणाला असेल, अर्थिंग लावतोय बाई. आणि तिने मला तसंच सांगितलं. मरणाऱ्या माणसाच्या तोंडून खोटं वदवून घेतलं त्याने.

तरीही मला ते पटायला नको होतं. कुमुद गेल्यावर माझ्या घरी येणारा तो एकटाच होता. दर रविवारी यायचा, चहा प्यायचा, गिटारच्या तारा पुसायचा, जायचा. तो चोर निघाला तर दार वाजवायला कोणी उरणार नव्हतं.

रविवारी तो आला. मी चहा ठेवला नाही.

"काका, बरं नाही का?"

"बस. हा अॅम्प्लिफायर झांबरेंनी उघडला परवा."

तो बसायला वाकला होता, तसाच थांबला. पार्सल ऑफिसात पेटी फोडताना सापडलेल्या हमालाला मी असाच थांबताना पाहिलं आहे.

"स्पीकर कुठे आहे उल्हास?"

"काका, मी नेला नाही."

"मग काढला कोणी?"

"काढला मीच."

"विकलास?"

"नाही."

"मग कुठे ठेवलास?"

तो जमिनीकडे बघत होता.

"बाईंनी सांगितलंय सांगू नको म्हणून," शेवटी म्हणाला.

"कोणाला सांगू नको?"

"तुम्हाला."

मला असं वाटलं की याने माझ्या तोंडात मारली असती तरी बरं होतं. जी बाई विचारायला उरली नाही, तिच्यावर ढकलणं सगळ्यात सोपं. आमच्याकडे फुटलेली पेटी नेहमी मागच्या स्टेशनावरच फुटलेली असायची.

"तिच्या नावाने बोलू नकोस," मी म्हणालो. "उद्यापासून येऊ नकोस."

"काका—"

"चपला दाराशीच आहेत."

तो उठला. चपला घातल्या. मग दारातून म्हणाला, "नका ठेवू विश्वास. पण हा होता तिथे ठेवा. आणि होत्या तशा तारा लावा. तेवढं करा."

"का? अजून काय न्यायचं राहिलंय?"

तो फाटक लावून गेला.

मी खोकं उचलून जाग्यावर ठेवलं ते त्याने सांगितलं म्हणून नाही. ते वाटेत होतं. लाइटची वायर लावली. काळी तार खिडकीतून लोंबत होती. तिच्या टोकाला पिन होती, चांगली पितळी. अर्थिंगच्या तारेला पिन कशाला? मी तार हातात धरली आणि पहिल्यांदा ती कुठे जाते ते बघायला बाहेर गेलो.

ती नळाकडे जात नव्हती. चौकटीतून बाहेर पडून भिंतीला धरून डावीकडे वळत होती. खिळ्यांनी नीट बसवलेली, वर चुन्याचा हात मारलेला, म्हणून इतके दिवस दिसली नव्हती. आमची घरं जोडघरं. मधली भिंत एकच. तार ती भिंत ओलांडून सुरवाड्यांच्या खिडकीत शिरत होती.

सुरवाडे म्हणजे रिटायर्ड गार्ड. आमची बोलचाल बंद होऊन मुलं लहानाची मोठी झाली होती. त्यांच्या मुलाच्या परीक्षेच्या दिवसांत त्यांनी सोसायटीकडे तक्रार केली होती, फिरक्यांच्या घरातल्या वाद्याचा त्रास होतो म्हणून. कुमुदने त्यानंतर महिनाभर गिटार बाहेर काढली नाही. बायका पुढे बोलायला लागल्या, आम्ही दोघे नाही. गल्लीत समोरासमोर आलो की ते टोपी सारखी करायचे आणि मी पिशवीत बघायचो.

माझ्या घरातली तार त्यांच्या घरात. मी ती धरून ओढली.

आतून सुरवाड्यांचा आवाज आला. "ओढू नका. खोकं पडेल."

मी तार सोडली नाही. "कसलं खोकं?"

"आत या आणि बघा. दार उघडं आहे."

त्यांच्या घरात मी त्याआधी कधी गेलो नव्हतो. बाहेरच्या खोलीत पलंग होता आणि पलंगावर त्यांची बायको, गोदावरीबाई. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्या उठल्या नव्हत्या, बोलत नव्हत्या, हे मला ऐकून माहीत होतं. उशाजवळ, स्टुलावर, प्लायवुडची एक साधी पेटी होती. समोर कापड. कापडामागे गोल.

"हा माझा स्पीकर आहे," मी म्हणालो.

"तुमचाच," सुरवाडे म्हणाले. ते बायकोला पेज भरवायला बघत होते, चमचा हातातच होता. "न्या. फक्त ही झोपल्यावर न्या."

"तुमच्याकडे कसा आला?"

"तुमच्या मिसेसनी दिला. बसा."

मी बसलो नाही. त्यांनी बायकोचं तोंड पुसलं आणि बोलायला लागले, माझ्याकडे न बघता.

"हिला झटका आल्यावर ही जेवेना. काही केलं तरी तोंड उघडेना. पण पलीकडे गिटार लागली की मान वळवायची भिंतीकडे, आणि मग घास घ्यायची. मग तुमच्याकडचं वाजणं बंद झालं. म्हणून गेलो एक दिवस. तुम्ही ड्यूटीवर होतात. ज्याने तक्रार केली तोच विचारायला गेला, बाई, बंद का केलंत?"

"बोटं चालत नव्हती तिची."

"चालत होती. थरथरत होती. म्हणाल्या, दादा, हातातली कांडी हलते, सूर सरकतो. ह्यांना मी चांगलं वाजवलेलं ठाऊक आहे. हे ऐकवणार नाही त्यांना. आणि त्या आवाजासमोर मलाही बसवत नाही. मी म्हटलं, आमच्या हिला सरकलेला चालेल. त्यावर हसल्या. दुसऱ्या दिवशी तो त्यांचा शिष्य आला, उल्हास. तार टाकली, पेटी केली."

"मग?"

"मग रोज दुपारी. तुम्ही यायच्या आत. तिकडे त्या वाजवायच्या, इकडे ही जेवायची."

"काय वाजवायची?"

"मला गाण्यातलं कळत नाही हो. बहुतेक एकच ओळ. मध्ये चुकायची, परत पहिल्यापासून. परत चुकायची. शेवटी शेवटी तेवढंच."

गोदावरीबाई माझ्याकडे बघत होत्या. चेहऱ्याची एक बाजू हलत नव्हती.

"ती गेल्यावर तरी सांगायचं," मी म्हणालो. "तार तोडायची, पेटी द्यायची."

सुरवाड्यांनी चमचा वाटीत ठेवला.

"कसं सांगणार? त्यांनी वचन घेतलं होतं. आणि खरं सांगू? तुम्ही काढून न्याल म्हणून. तुम्ही रोज संध्याकाळी ते बटण लावता ना?"

"लावतो."

"लावलं की ही पेटी घूं करते. आमची ही लगेच मान वळवते, एक-दोन घास घेते. वाट बघते. मग काहीच नाही. थोड्या वेळाने घूं बंद होतं. मी हिला सांगतो, उद्या." त्यांनी बायकोचं पांघरूण सारखं केलं. "वर्षभर असं चाललंय. त्या दिवशी तुमची मुलगी आली होती ना? तेव्हा वाजलं. दोन-तीनदा नुसती तार वाजली. हिने हात उचलला, हा बघा, हा उजवा. मग तुम्ही पिन काढलीत. परवापासून पेटी गप्प आहे, आणि ही जेवत नाहीये."

माझ्या घरात अॅम्प्लिफायरचा दिवा लागत होता, आणि त्याचा आवाज एका भिंतीपलीकडे नीट पोचत होता. मी तो बाजारात घेऊन गेलो, उघडला, माणसाला चोर ठरवलं.

"न्यायचा का आता?" सुरवाडे म्हणाले.

"थांबा," मी म्हणालो.

मी घरी गेलो. काळ्या तारेची पिन मागच्या सॉकेटात बसवली, बटण दाबलं. दिवा लागला. व्हॉल्व्ह तापेपर्यंत उभा राहिलो. मग गिटार मांडीवर घेतली, आयुष्यात पहिल्यांदा. कांडी मला धरता येत नाही म्हणून ती बाजूला ठेवली आणि अंगठ्याने एक तार ओढली.

माझ्या खोलीत काही वाजलं नाही. पण उघड्या खिडकीतून, सुरवाड्यांच्या घरातून, कुमुदच्या गिटारचा आवाज आला. लांबलचक. तो संपेपर्यंत मी अंगठा उचललेलाच ठेवला.

सुरवाडे पलीकडून म्हणाले, "फिरके, अजून एकदा. हिने तोंड उघडलंय."

मी परत ओढली. वाटी संपेपर्यंत मी त्या सहाही तारा एकामागून एक ओढत बसलो.

संध्याकाळी उल्हासच्या घरी गेलो. तो दारात आला, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सापडली का तार?"

"सापडली. चहा ठेवलाय घरी. चल."

तो चपला घालायला लागला.  कोपऱ्यावर तो म्हणाला, "झांबरेंना माझं सोल्डर आवडलं का?"

"दाण्यासारखं आहे म्हणाले."

"मग ठीक आहे," तो म्हणाला.

त्यानंतर दर रविवारी आणि मधूनही एखाद्या दुपारी उल्हास आमच्याकडे बसून वाजवायचा, आणि सुरवाड्यांच्या घरी जेवण व्हायचं. मला एकच हवं होतं, कुमुदची ती ओळ. बाईंनी शिकवलेलं जे जे त्याला येत होतं ते तो एकेक करून वाजवायचा आणि मी खिडकीतून ओरडायचो, "गार्डसाहेब, ही का ती ओळ?"

सुरवाडे थोडा वेळ ऐकायचे. "नाही. ही नव्हे. तशीच होती, पण ही नव्हे."

"चुकवून वाजव," मी उल्हासला म्हणायचो. "हात हलवून वाजव."

तो हलवायचा. सुरवाडे म्हणायचे, "नाही हो."

एकदा उल्हास वैतागून म्हणाला, "काका, चुका ज्याच्या त्याच्या असतात. बाईंच्या चुका मला कशा येतील?"

गोदावरीबाई पुढे काही वर्षं जगल्या. त्या गेल्यावर सुरवाडे मुलाकडे नाशिकला गेले. जाण्याआधी ते पेटी स्वतः उचलून माझ्या ओट्यावर घेऊन आले, आणि टोपी सारखी करून म्हणाले, "फिरके, मला गाणं कळलं असतं तर बरं झालं असतं." आता तेही नाहीत.

उल्हास अजून येतो. केस पांढरे झालेत त्याचे. चहा पितो, तारा पुसतो आणि जाताना पेटीकडे बघून विचारतो, "काका, हा आता खोक्यात परत बसवू का? अर्ध्या तासाचं काम आहे."

मी म्हणतो, ती ओळ सापडू दे आधी. तो म्हणतो, आता सांगणार कोण? मी म्हणतो, बघू.

अॅम्प्लिफायर खिडकीजवळ आहे, पेटी ओट्याकडच्या भिंतीला टेकलेली आहे, तार गुंडाळून वर ठेवली आहे. स्पीकर अजून बसवलेला नाही.